आईच्या खिडकीखालचं मेण

॥ ख्रिस्ताचा जय असो ॥

व्हेर्बा, मॅनिटोबा
९ जून १९७४

चि. मिरोन यास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्हा सर्वांना देव सुखात ठेवो.

पत्रास कारण की या थंडीत बाबांची शेवटची मधपेटीही गेली. झाकण उघडलं तर माश्या एकमेकींना बिलगून तशाच निजलेल्या. आईला सांगितलं. तिने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, उरलेली मधाची पोळी फेकू नकोस, त्यांच्या मेणाची माझी मेणबत्ती कर.

कोणती ते तू जाणतोसच. फेब्रुवारीतल्या सणाला चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणायची, वादळात खिडकीशी लावायची, आणि शेवटी जाणाऱ्याच्या हातात द्यायची. घरात होती ती बाबांच्या हातात दिली, आणि आईने ती बोटाशी येईपर्यंत जळू दिली. तेव्हापासून घरात नाही. दुकानातली तिला नको. म्हणते, ज्याच्या माश्यांचे डंख जन्मभर खाल्ले, त्याच्याच मेणाच्या उजेडात जाईन.

मेण चुलीवर वितळवू देत नाही. तिथे डुकराची चरबी कढते, देवाची वस्तू तिथे नको, असं तिचं म्हणणं. बाबा करायचे तशी उन्हाने मेण वितळवणारी काचेची पेटी हवी. ती जुनी कुजली होती म्हणून मी सरपणात घातली, त्यावरून आता टोमणा मारू नकोस. तू खिडक्या बनवणारा माणूस, कागदावर आकृती काढून पाठव.

लेस्यास व मुलांस आशीर्वाद. पत्र धाडत जा, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
पारास्का


एडमंटन
२७ जून

प्रिय ताईस सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र पावलं. पेटीचं म्हणशील तर ते दिसतं तेवढं सोपं नाही. काच दुहेरी असलेली बरी, उतार चुकला तर ऊन नुसतं घसरून जातं. हे घाईचं काम नव्हे. हा उन्हाळा राहू दे, पुढच्या वर्षी मीच येऊन करतो. नाहीतर इथे चर्चजवळ सुरेख मेणबत्त्या मिळतात, आणि पाद्रीबाबा कशालाही आशीर्वाद देतात.

आईची भूक कशी आहे? तिला म्हणावं, अजून वीस वर्षं मेणबत्तीचं नाव काढू नकोस. तुम्ही पाठवलेल्या खारवलेल्या काकड्या लेस्याने कुठेतरी लपवल्या आहेत, माझ्यापासून.

आईच्या पायांवर डोकं. माझ्यावर रागावू नये.

तुझा,
मिरोन


व्हेर्बा
८ जुलै

चि. मिरोन यास आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, त्याला कळव की पेटीत मेण घालायचं आहे, मला नाही. आणि वीस वर्षं पारास्काच्या हातचं बिटाचं अळणी बोर्श्ट खायची माझी तयारी नाही, हेही लिहायला सांगितलं, म्हणून लिहिते.

तू का टाळतोस ते मला कळतं. मेणबत्ती झाली की आई निघेल असं तुला वाटतं. मलाही वाटतं. रोज सकाळी पोळी आणायला कोठारापर्यंत जाते आणि रिकाम्या हाताने परत येते. पण काल तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, मेणबत्ती नाही म्हणून मी थांबणार नाही ग, नुसती अंधारात जाईन.

 यावर तुला उत्तर सुचलं तर कळव, नाहीतर आकृती पाठव.

तुझीच,
पारास्का


एडमंटन
१५ जुलै

प्रिय ताईस नमस्कार.

सोबत आकृती. काच विकत आणू नकोस. आईच्या खोलीची थंडीतली जादा खिडकी उन्हाळ्यात कोठारात पडून असते, तीच झाकण म्हणून घे. एकेरी आहे, पण जुलैच्या उन्हाला पुरेल. फळ्यांचं उथळ खोकं कर. तळाला बाबांच्या कोटाची जुनी लोकर दाब, म्हणजे ऊब धरून राहील. वर काळा रंग दिलेला पत्रा, उतरता. खालच्या टोकाला जाळी, तिच्याखाली पाव भाजायचं भांडं, त्यात बोटभर पाणी, म्हणजे मेणाची वडी सुटून येते. तोंड दक्षिणेला. दुपारी काचेवर खिळा सरळ उभा धरून बघ. त्याची सावली पडली नाही की उतार बरोबर.

माझं आधीचं पत्र चुलीत घाल. तेवढं जाळायला हरकत नाही.

मिरोन


व्हेर्बा
६ ऑगस्ट

चि. मिरोन यास अनेक आशीर्वाद.

पेटी झाली. शेजारची होर्पिना कुंपणावरून विचारून गेली की म्हातारीसाठी थडगं बांधतेस की कोंबड्यांना खुराडं. आईनेच आतून उत्तर दिलं की तुझी अंडी मावतील एवढं मोठं नाही.

आईच्या खिडकीखालीच मांडली. खिळ्याची सावली नाहीशी झाली तशी आईला बाहेर खुर्ची दिली, डोक्याला रुमाल बांधला. आधी काचेवर धुकं आलं. मग काळीभोर पोळी हळूहळू मान टाकू लागली, आणि कितीतरी वेळाने पत्र्यावरून एक सोनेरी थेंब ओघळला. त्याच्यामागे दुसरा. आवाज काही नाही, नुसता वास. त्या वासाने कुठून कुठून माश्या आल्या, कुणाच्या देव जाणे, आणि काचेवर डोकी आपटू लागल्या. आई डोळे मिटून होती. म्हणाली, तुझे बाबा कुट्टूच्या शेतातून येताहेत, पाय वाजताहेत. मी पाहिलं तर कुट्टूचं पीक पांढरं फुललं होतं आणि वारा होता. तरी मी दार उघडं ठेवलं.

आता वाईट लिहिते. जुन्या पोळ्यांतून मेण फार थोडं निघालं. मला वाटलं, चर्च झाडताना मेणबत्त्यांची थोटकं मी डब्यात साठवत आले आहे, देवापुढे जळलेल्याहून पवित्र काय असणार. ती पोळ्यांवर ठेवली. सगळं एक झालं. सकाळी वडी निघाली ती फिकट. आईने तुकडा मोडून तोंडात घातला, घोळवला आणि काढून हातावर ठेवला. खरं मेण चघळून मऊ पडतं, याचा भुगा झाला होता. म्हणाली, हे तर दुकानात जन्मलं. चर्चने अलीकडे आणलेल्यांत निम्मं खनिज मेण असतं हे माझ्या ध्यानात कधी आलंच नाही.

आता ते वेगळं होत नाही. कोठारातल्या बाकीच्या पोळ्यांत अळी पडली आहे. मी विहिरीपाशी जाऊन रडले. आई एवढंच म्हणाली की जॅमच्या बरण्यांवर ओत, वाया जायचं नाही. आज दुपारीही खिळ्याला सावली पडली. ऊन कलायला लागलं आहे रे.

तुझी,
पारास्का


एडमंटन
१४ ऑगस्ट

प्रिय ताईस नमस्कार वि. वि.

काल कारखान्यात काच पुसत होतो, हातात फडकं होतं, आणि हात थांबला. ईस्टरच्या अंड्यांवर आई मेणाने नक्षी काढायची, रंगात बुडवायची, आणि शेवटी ज्योतीजवळ धरून मेण फडक्याने पुसून घ्यायची. ती फडकी तिने कधी टाकली का? चूल पेटवायला म्हणून पिठाच्या पोत्यात कोंबायची. त्यातला थेंबन् थेंब बाबांच्या माश्यांचा.

पोतं आहे का? की तेही तू जाळलंस? असलं तर फडकी पत्र्यावर पसर. ऊन त्यांना पिळून काढील.

उत्तराची वाट पाहतो. आईला जप, स्वतःलाही.

मिरोन


व्हेर्बा
१८ सप्टेंबर

चि. मिरोन यास अनेक आशीर्वाद.

पोतं गव्हाच्या कणगीमागे होतं. जाळलं नव्हतं, विसरले होते.

एकेक फडकं उलगडलं. बाबांच्या सदऱ्याची बाही, आईचा लग्नातला एप्रन, तुझं दुपटं. कशावर कांद्याच्या सालीचा तांबडा डाग, कशावर बिटाचा. आई पोत्यावर हात ठेवून कुठलं कोणत्या ईस्टरचं ते सांगत होती. खरं सांगत होती की स्वप्नात, ते मी विचारलं नाही. ऊन अशक्त झालं होतं, म्हणून दिवसामागून दिवस पेटी सूर्याकडे वळवत राहिले. मेण आलं ते काजळीने काळपट, कुट्टूच्या मधासारखं. आईने चघळलं, बराच वेळ चघळलं. मग म्हणाली, हे आपलं. थोडं काजळलं आहे, पण आपण तरी कुठे उजळ राहिलो.

एकच मेणबत्ती झाली. खिडकी परत आईच्या खोलीला बसवली. तिला मेणाचा वास धरला आहे. दुपारी ऊन आलं की खोली दरवळते आणि आई म्हणते, मधपेटीत निजल्यासारखं वाटतं.

तुम्हा सर्वांची आठवण काढणारी,
पारास्का


व्हेर्बा
२१ जून १९७५

चि. मिरोन यास अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून घर मोठं वाटतं. देवाने आईला मे महिन्यातला सफरचंदाचा मोहोर दाखवून नेलं, यावरच समाधान मानते.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. फेब्रुवारीत मेणबत्तीला आशीर्वाद घेऊन आलो, त्या दिवशी बर्फातून परतताना आई म्हणाली होती, ही मात्र बोटाशी येऊ देऊ नका. तुमच्या बाबांच्या वेळी माझ्याने विझवली गेली नाही, म्हणून तुमच्यासाठी काही उरलं नाही. मी हो म्हणाले होते. आणि वेळ आली तेव्हा माझा हात उचलेना. श्वास थांबला होता, ज्योत तेवढी हलत होती, आणि आपण दोघं बघत उभे. मग तू वाकलास, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवलीस, आणि दोन बोटांनी वात चिमटलीस. तुला कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना तू त्या थोटकाकडे पाहत होतास. मागितलं नाहीस. मीही दिलं नाही, कारण थोटूक एकच होतं.

या आठवड्यात आईची खिडकी काढली, पेटीवर ठेवली आणि थोटूक पत्र्यावर ठेवलं. माश्या परत काचेवर आल्या, मी हाकलल्या नाहीत. निथळलं त्यात वाती सोडून बोटाएवढ्या दोन ओतल्या. एक या पार्सलात आहे, काकड्यांच्या बरणीशेजारी. बरणी लेस्याकडे दे, मेणबत्ती तू ठेव. वादळात लाव. पण सगळी जाळू नकोस.

देवाची आणि आईची तुमच्यावर नजर राहो, आणि तुमची माझ्यावर.

तुझी ताई,
पारास्का