मिरवणुकीच्या आधी वाच

तांडा, इंझोरी
दि. ११ एप्रिल, शुक्रवार

चि. निकिता,

दादाचा आशीर्वाद. आमी सगळे बरे आहोत, तूही बरी असशीन.

पह्यले अभिनंदन. फायनल आमी नाईकाच्या ओट्यावर पाह्यली. पन्नास माणसं अन् मोबाईल एक. शेवटच्या पाळीत तू खांबाजवळ सूर मारून ती पोरगी टिपली, तवा याडी उठून उभी राह्यली. सामना सरला तरी बसली नाई. तिले खो-खो समजत नाई. "माही पोरगी पडली, तिले लागलं का?" इतकंच इचारत होती.

इथं तयारी जोरात आहे. उद्या दुपारी मंगरूळपीरहून उघडी जीप, डफडे, मंग तांड्यात सत्कार. गुलाबसिंग नाईकानं मोठं बॅनर लावलं. त्यावर तुमची अख्खी टीम आहे अन् कोपऱ्यात मी. खाली लिहिलं, "बहिणीसाठी झटणारा भाऊ". मी म्हणलं, माहा फोटो काढा. नाईक म्हणे, "लाजतो कायले? बापामागं तूच वाढवलं तिले."

तीन दिवस झाले, त्या बॅनरखालून जातो अन् वर पाहत नाई.

तुले दोनदा फोन लावला. मागं टीममधल्या पोरी हसून राह्यल्या होत्या. तू म्हणली, "दादा, बोल ना." मी जेवणाचं इचारलं अन् ठेवून देला. म्हणून हे पत्र तुह्या मैत्रिणीजवळ, राखीजवळ देतो. ती तुले अकोल्याले घ्याले येते. तिले सांगतलं, गाडी सुटली का हातात दे.

तीन सालाआधीची गोष्ट. पुण्याच्या शिबिराचं पत्र येईन म्हणून तू रोज वाट पाहत होती. आलं नाई. तू समजली, तुले खो-खो शिकवणाऱ्या फुलचंद सरानं तुहं नाव कापलं. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर सगळ्याईसमोर तू त्याईले म्हणली, "तुमी माहं वाटोळं केलं." ते एक शब्द बोलले नाई. मंग तू अमरावतीले दुसऱ्या सरांकडं गेली अन् आपल्या कष्टानं टीममध्ये आली. फुलचंद सरांशी अजूनही बोलत नाई.

निकिता, पत्र आलं होतं. सरानं तांड्यात येऊन माह्या हातात देलं होतं.

तुह्या वहिनीले, रीताले, सातवा महिना होता. याडीची कंबर गेलेली. ऊस मी तोडीन, पण मोळ्या वाहाले जोडीदार पाह्यजे होता. मी तुले ऊसतोडीले नेलं. पत्र खिशातच होतं. आज सांगू, उद्या सांगू करत शिबिराची तारीख गेली. मंग एका संध्याकाळी मी ते चुलीत टाकलं. तू त्याच चुलीवर भाकरी करून राह्यली होती. तू इचारलं, "कायचा कागद?" मी म्हणलं, "काई नाई."

बसस्टँडच्या दुसऱ्या दिवशी मी सरांचे पाय धरले. ते म्हणे, "मी नाई सांगणार. एकच भाऊ आहे तिले. पण तू सांगशीन, रविकांत." तवापासून कुठंही भेटले का इतकंच इचारतात, "सांगतलं का?"

काल नाईक त्याईले आवतन द्याले तयार नव्हता. "त्यानं पोरीचं नुकसान केलं," म्हणे. तवाही मी तोंड उघडलं नाई. पण रात्रभर डोळा लागला नाई, अन् आज सकाळी चार माणसांत सगळं सांगतलं. याडी तिथंच होती. ती माह्याशी बोलून नाई राह्यली.

माफ कर असं लिहाले हात चालत नाई. तू मिरवणुकीत ये, तो तुहा मान आहे. मी समोर येणार नाई.

रविकांत


मंगरूळपीर
१२ एप्रिल, दुपार

दादा,

पत्र बार्शीटाकळीच्या पुढं वाचलं. राखीनं गाडी थांबवली, मी उतरून रस्त्याच्या कडेले उभी राह्यली. किती वेळ, ते तिले इचार.

आता फुलचंद सरांच्या घरी बसून लिहून राह्यली. मी पाया पडली तं त्याईनं पह्यले इचारलं, "रविकांतनं सांगतलं?" मी हो म्हणलं. ते खुर्चीत बसले अन् बराच वेळ चष्मा पुसत राह्यले. मी बसस्टँडचं काढलं तं म्हणे, "सोड. त्या शेवटच्या पाळीत उजवा पाय आधी कसा टाकला, ते सांग." ते जीपमध्ये माह्यासोबत येऊन राह्यले.

सर म्हणतात, भावाशी आजच बोल. मी नाई म्हणलं. मले लय राग आहे अन् तो सत्कारानं जाणार नाई. मी घरी येईन, याडीजवळ बसीन, वहिनीच्या हातचं खाईन. तू कुठं जाऊ नको, घरीच राह्य. मले जमेन तवा मी बोलीन.

सरानं तीन साल वाट पाह्यली. आता तू पाह्य.

तुही बहीण,
निकिता