नळाला हात लावू नकोस

दादा,

टेबलावर तुझी नवी डिस्क, जुनी डिस्क, एक पेनड्राइव्ह आणि कॅबिनेटचे सहा स्क्रू आहेत. मोजून ठेवलेत, हलवू नकोस. नव्या डिस्कवर विंडोज अर्धंच चढलंय. ते राहू दे. बाथरूममधल्या नळाला हात लावू नकोस, आईलाही लावू देऊ नकोस. ती मोबाइल घरीच विसरून बाजारात गेलीय आणि तुझा लागत नाहीये, म्हणून चिठ्ठी बाथरूमच्या दारालाच चिकटवली.

झालं असं, की इन्स्टॉल होताना कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद पडला. डिस्क नीट बसली नसेल म्हणून प्लग काढला आणि कॅबिनेटला हात लावला, तर झिणझिण्या आल्या. प्लग काढलेला असताना! कॅबिनेटला जोडलेली एकच वायर उरली होती. आपल्या बोर्डाला अर्थिंग नाही म्हणून तू नळाला बांधलेली. करंट कॉम्प्युटरातून नळात जात नव्हता, नळातून कॉम्प्युटरात येत होता.

वरच्या मजल्यांवर तुझा कुणीतरी गुरुबंधू असणार, त्यानेही अर्थिंग नळालाच बांधलं असेल. मेन स्विचच्या खोलीची किल्ली चांगदेवकाकांकडे, आणि ते शहाडला लेकीकडे गेलेत. म्हणून मी एकेक दार वाजवत वर निघालेय. साडेपाचला पाणी येईल, तेव्हा सगळी बिल्डिंग नळाशी असेल.

रचना

ता. क. तुझी वायर मी काढून टाकली. त्यानंतर मीटर लावून नळ मोजला, तरीही १३८ व्होल्ट.