विधुर म्हणून घेतलेले माजोर्ड्याचे घर

मी, आण्णाप्पा मष्णू हावळ, वय सुमारे चौसष्ट, धंदा लुगडी विणून घेणे व विकणे, राहणार शहापूर, संस्थान सांगली, आज डोके ठिकाणावर व कान गरजेपेक्षा जास्त ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने वा भरीने नव्हे, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. छातीत कळ येऊ लागल्यापासून डॉक्टर मला जिना चढू देत नाहीत, आणि माझा मुलगा ज्योतिबा माझ्यासमोर हळू बोलू लागला आहे. दोन्ही खुणा मला समजतात.

कलम १. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या कष्टाची आहे. वडिलांनी मागे ठेवले ते एक खड्डामाग आणि खोकला. खोकला मी घेतला नाही, माग घेतला. मला अक्षरे उशिरा आली, पण कान लवकर आले. गल्लीतून चालताना कोणाच्या मागाचा धोटा अडतो, कोणाची फणी सैल आहे, हे मला बाहेरून कळे. ज्याचा माग नीट बोलतो त्याचेच लुगडे मी उचलले, आणि त्यावरच माझे दुकान उभे राहिले. म्हणून कोणा भाऊबंदाने यात वडिलार्जित म्हणून हात घालू नये. घातल्यास तो खड्डामाग त्याला द्यावा आणि विणायला बसवावे.

कलम २. शहापूरचे राहते घर व पुढचे दुकान ज्योतिबास द्यावे. मात्र माझी पत्नी हयात असेतो माजघर, स्वयंपाकघर आणि परड्यातील विहीर तिच्या हुकमतीत राहील. सुनेने चुलीची जागा हलवायची झाल्यास सासूला विचारावे. विचारले तर ती नको म्हणणार नाही. न विचारता हलवली तर काय होते, ते मी एकदा पाहिले आहे.

कलम ३. माझ्या ज्या मागावर जो विणकर आज बसतो, तो माग त्याचा. ज्योतिबाने यावर वाद घालू नये. त्याला मागाचा आवाज सहन होत नाही, त्याने माग ठेवून काय करायचे?

कलम ४. माझे शेजारी व धंद्यातले वैरी भरमा रोडे यांनी माझ्या काठांच्या नकला वीस वर्षे केल्या. त्यांना काहीही देऊ नये. साक्षीदाराला मृत्युपत्राखाली काही घेता येत नाही असे वकिलांनी सांगितले, म्हणून त्यांना मुद्दाम साक्षीस बोलावले आहे. नकला मात्र चांगल्या करतात, हे लिहिण्यास हरकत नाही.

कलम ५. आता माजोर्ड्याचे घर. हे कलम लांबेल.

माझ्या पत्नीने या घरात आल्यापासून कांड्या भरल्या. सुताची धूळ तिच्या छातीत बसली. रात्री तिचा श्वास शेजारच्या खोलीतून मला ऐकू येई, आणि तुटायला आलेला धागा मी लगेच ओळखतो. डॉक्टर म्हणाले, थंडीत हिला समुद्राकाठी ठेवा. तेव्हा १९२६ साली मी गोव्यात, पोर्तुगीज मुलखात, माजोर्डे स्टेशनपासून गाडीवाटेने समुद्राकडे जाताना लागणारे एक कौलारू घर हवापालटासाठी विकत घेतले. मालकाची मुले आफ्रिकेत होती, त्यांना ते विकायचे होते.

परमुलखात घर घ्यायचे म्हणजे काय, याची मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती. आम्ही शहापूरकर. रस्त्याच्या अलीकडे सांगलीचा अंमल, पलीकडे बेळगावात इंग्रजांचा. माझा सकाळचा चहा एका राज्यात होतो आणि विडी दुसऱ्यात. त्यामुळे परमुलूख म्हणजे रस्त्याची दुसरी बाजू, एवढीच माझी समजूत. गाडी कॅसलरॉक सोडून कुळ्यास थांबली आणि जकातीच्या शिपायाने माझा तिळाच्या लाडवांचा डबासुद्धा उघडून पाहिला, तेव्हा सावध व्हायला हवे होते.

खरेदीसाठी मडगावात नोतार म्हणून अधिकारी असतात, त्यांच्यासमोर बसावे लागले. भाषा सगळी पोर्तुगीज. मधे दलाल कायतान. त्याने माझे नाव, बापाचे नाव, गाव लिहून दिले. मग नोतारने काही विचारले आणि कायतान मला म्हणाला, "शेट, बायलेचें नांव?"

आमच्यात नवरा बायकोचे नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतले ते घेतले. मी "घरात" म्हणतो, ती "ज्योतिबाचं वडील" म्हणते. तर मी सांगितले, "त्या घरात असतात."

"नांव सांग, शेट."

मी आढ्याकडे पाहिले. चार परक्या माणसांत, खुर्चीवर बसून, बायकोचे नाव घेणे मला जमेना. नोतार म्हणाले, या मुलखात नवऱ्याने घेतलेल्या घरात बायको निम्म्याची धनीण असते, तिचे नाव तर लागेलच, आणि तिने स्वतः येऊन सही केली तर उत्तम. हेही कायताननेच सांगितले. मी पुन्हा आढ्याकडे पाहिले. कायतानने घड्याळाकडे पाहिले, मालकाच्या मुखत्याराकडे पाहिले, आणि नोतारच्या कानाशी लागून पोर्तुगीजमध्ये दोन शब्द बोलला. नोतारने चष्मा काढला. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ हळू आवाजात काही बोलले.

"काय म्हणतात?"

"देव बरें करूं म्हणतात," कायतान म्हणाला.

मला वाटले, काय सभ्य मुलूख. माझ्या खांद्यावरचे शहापुरी उपरणे काढून मी त्यांना दिले. ज्या कानांवर मी दुकान उभे केले, ते कान त्या दिवशी घरी ठेवून आल्यासारखे झाले. कारण कायतानचा सूर खोट्याचा नव्हता. तो कामाचा सूर होता, रोजचा.

कौले बदलली, विहीर उपसली. या कामाला मी एकटाच जाई. किल्ली शेजारच्या मारियानबाय, कायतानच्या ओळखीच्या, ठेवत. १९२८ च्या पौषात घर राहण्याजोगे झाले, आणि मी चंद्राबाईस घेऊन गेलो. (कायद्याच्या कागदात नाव लागते, म्हणून येथून पुढे लिहितो.) वाटेत ती खिडकीशी बसली होती. तिचे माहेर गुंजी, रानाकाठचे; तिथवरची स्टेशने तिने मलाच नावे घेऊन दाखवली. पुढची तिला माहीत नव्हती, ती मी दाखवली. असा आमचा प्रवास लग्नानंतर तो एकच.

बैलगाडीतून उतरलो. मारियानबाय किल्ली घेऊन ओसरीवर आल्या. चंद्राबाईस पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"बरें केलें, पात्रांव," त्या मला, म्हणजे मालकाला, म्हणाल्या. "मनीस एकटो कितलो रावतलो? दुसरी बायल बरी दिसता. पयलेच्या नांवान हांव दर वर्सा मेणवात पेटयतां हां, विसरूंक ना."

गुंजीकडच्या माणसांना कोंकणी शिकवावी लागत नाही. चंद्राबाई ओसरीच्या पायरीवर थांबली. तिने अगदी गोड आवाजात विचारले, "ह्यांच्या पयल्या बायकोचं नाव काय हुतं, बाई?"

"नांव खंय कळ्ळें? पात्रांव नांवच घेना. दुख्ख जाता आसतलें."

आणि मी हसलो.

या मृत्युपत्रात मला जे परत घ्यावेसे वाटते ते एवढेच. जमीन नव्हे, पैसा नव्हे, ते हसू. मला वाटले गंमत आहे, रात्री दोघे बोलू आणि हसू. चंद्राबाईने आपले गाठोडे उचलून परत गाडीत ठेवले.

"मेलेल्या बाईनं घरात पाऊल ठिवू नये. गाडी फिरवा."

"अगं, लिहिणाऱ्याची चूक झाली असेल."

"त्यानं लिव्हलं. तुम्ही सांगितलं न्हाईसा, मी हाय म्हणून?"

"नाव कसं घेणार चार माणसांत?"

"नाव नगा घेऊ. जिती हाय एवढं तरी सांगायचं हुतं."

मी गाडी फिरवायला सांगितली. स्टेशनावर आम्ही दोघे बाकाच्या दोन टोकांना बसलो. समुद्र तिने पाहिला नाही. ओसरीवरून नुसता ऐकू येत होता. येताना ती खिडकीशी बसली नाही.

मी मडगावास जाऊन विचारले. खरेदीखतात मला विधुर लिहिले होते. दुरुस्तीला काय लागते? फार काही नाही: पत्नीने स्वतः नोतारसमोर येऊन उभे राहावे. घरी येऊन सांगितले, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मी जिती हाय ह्याचा दाखला मीच परमुलखात जाऊन द्यायचा? ज्यानं मारलं त्यानं उठवावं." पुन्हा तीन वेळा विचारले. चौथ्यांदा विचारायचे धाडस झाले नाही.

त्यानंतर मी दर थंडीला एकटाच माजोर्ड्यास जात आलो. लोकांनी काय म्हटले ते मला ठाऊक आहे. शहापुरातला पैसेवाला माणूस गोव्यात एकटा कशाला जातो, हे पानपट्टीवर सगळ्यांना ठाऊक असते. मी जाई तो कौले गळतात का ते बघायला. तिथे हवा अशी आहे की माझासुद्धा श्वास मोठा होतो. ओसरीवर बसलो की वाटे, हा श्वास इथे माझ्या काय कामाचा? तो शहापुरात माजघरात पाहिजे होता. रात्री समुद्र मागासारखा चाले, पण धागा जोडायला कधी थांबत नसे. विणकराला तसला माग ऐकवत नाही.

हे घर विकून टाकावे असेही मनात आले. विकले नाही. विकताना मला पुन्हा नोतारसमोर विधुर म्हणून सही करावी लागली असती, आणि या खेपेला मला शब्द कळत होता.

आता कारण लिहितो. गेल्या पंधरवड्यात ज्योतिबा दुकानाच्या मागे एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्याला वाटले मी झोपलो आहे. तो म्हणाला, "तिकडच्या कागदात आईचं नाव न्हाई ते एक बरंच झालं. आण्णांच्या मागं सह्यांची कटकट न्हाई." ज्योतिबा वाईट नाही. हिशेबी आहे, आणि हिशेब त्याला मीच शिकवला. पण माझ्या पोराच्या तोंडून, त्याची आई नाही हे बरे झाले, असे ऐकण्याइतके कान देवाने द्यायला नको होते.

सबब, माजोर्ड्याचे घर, माडांसह व विहिरीसह, माझी हयात पत्नी चंद्राबाई हिचे आहे. निम्मे त्या मुलखाच्या चालीने, आणि उरलेले निम्मे माझ्या इच्छेने. तिने ते ठेवावे, विकावे, मारियानबायला द्यावे किंवा बंद ठेवून पडू द्यावे. मडगावचे वकील म्हणतात, हा शहापूरचा कागद तिथे एकटा पुरणार नाही; दोघे हयात असताना पत्नी येऊन उभी राहिली तर काम एका बैठकीत होईल, नवरा गेल्यावर तिला स्वतःच्या पोरांशीच तिथे भांडावे लागेल. मला डॉक्टर घाट उतरू देत नाहीत. तिच्यावर जबरदस्ती करण्याचा मला अधिकार नाही. तो मी पायरीवरच घालवला. एवढे माझे म्हणणे.

कलम ६. रोकड शिल्लक व येणे ज्योतिबा आणि माझी मुलगी नागुबाई, जी निपाणीस दिली आहे, यांना सारखे. मुलीला सारखा वाटा ही चाल मी गोव्यात पहिल्यांदा ऐकली आणि परक्यांचा वेडेपणा समजलो. आता समजत नाही.

कलम ७. कायतान दलाल हयात असल्यास त्याच्या बायकोस एक चांगले लुगडे पाठवावे. कायतानला काही नाही. तिने ते नेसून त्याच्यासमोरून दिवसभर फिरावे, म्हणजे घरात बायको आहे हे त्याच्या ध्यानात राहील.

कलम ८. येथवर लिहून झाल्यावर मी हा कागद साक्षीदार परशराम मुसळे व भरमा रोडे यांना ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवला. वाचता वाचता आत दळणाचे जाते थांबले, ते मला ऐकू आले. वाचन संपल्यावर चंद्राबाई दाराआडून बोलली. ते या कागदाचाच भाग समजावे, म्हणून साक्षीदारांच्या देखत जसेच्या तसे लिहितो.

ती म्हणाली, "ज्योतिबा तसं म्हणाला?"

मी म्हणालो, "म्हणाला."

मग नागुबाईला, जी संक्रांतीला माहेरी आली आहे, हाक मारून म्हणाली, "नागू, दोन लुगडी बांध. हळदीकुंकू झालं की सोमवारच्या गाडीनं मडगावला जायाचं हाय. तू चल संगं."

भरमा म्हणाले, "वैनी, अकरा वर्सं लागली व्हय?"

"भावजी, तुम्ही नकला करा. हे अस्सल काम हाय."

मग मला म्हणाली, दार तसेच अर्धे ठेवून, "तुम्ही हितंच ऱ्हावा. औषध नागूच्या सासूबाईनं पाठीवलेल्या मधातनं घ्या. आन् मी परत येईपतोर काय करून बसू नका. तिथं त्या सायबाम्होरं हुबं ऱ्हाऊन मला सांगायचं हाय, की मी जिती हाय आन् माझा धनी जिता हाय. मला खोटं पाडू नका."

मी बरे म्हटले. मी तिला आजवर दिलेल्या शब्दांपैकी हा पाळणे माझ्या हातात सर्वांत कमी आहे.

म्हणून शेवटची अट लिहितो, वकिलांना ती चालो वा न चालो: चंद्राबाई मडगावाहून परत येऊन या ओसरीवर चढेपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येऊ नये.

वरील सर्व वाचले, ऐकले, समजले, आणि राजीखुशीने खाली सही केली.

सही: आण्णाप्पा मष्णू हावळ, दस्तुर खुद्द

साक्ष: परशराम सिदराम मुसळे, शहापूर. समक्ष सही झाली.
साक्ष: भरमा ज्योतिबा रोडे, शहापूर. समक्ष सही झाली. कलम ४ ऐकले.

मुक्काम शहापूर, पौष वद्य पक्ष, शके १८६०, गुरुवार, ता. १२ जानेवारी १९३९