मोहाखालचे अकरा

३ मार्च
सुरगाण्याच्या एसटीतून उतरलो ते थेट त्र्यंबक रोडवरच्या ऑफिसात. एसीतली नोकरी, कंत्राटी का असेना! पूर्वेकडच्या जंगलात बंडखोरांनी बळकावलेले डोंगर फौज परत घेते आहे. तिथल्या ड्रोनचे उष्णता टिपणारे फोटो आमच्याकडे येतात, त्यात माणूस अंगाच्या उबेमुळे पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. आमच्या वरिष्ठ सृष्टी मॅडमनी नियम सांगितला : पहाटे एका जागी बरेच ठिपके आणि शेजारी जळलेली जमीन, म्हणजे छावणी. लाल गोल काढायचा, मग फौज तिथे हल्ला करते. माझे गोल बघून संगणकही शिकेल म्हणे.
आईला फोन केला. ती मोहाखालचा पाला जाळत होती; फुलं पडायच्या आधी जमीन साफ हवी. बुधा साहेब झाला म्हणून खूप हसली.

११ मार्च
पहिली छावणी सापडली. झाडाखाली काळं वर्तुळ, अकरा ठिपके, सगळे वाकलेले. मोह वेचणारी माणसं अशीच वाकतात. मला एका नजरेत कळलं. पण मॅडम मागे उभ्या होत्या आणि कायम करणं त्यांच्या हातात आहे. गोल काढला. शाबासकी मिळाली, वर मिसळ.

१२ मार्च
डोंगर फौजेच्या ताब्यात आला. बातम्यांत अकरा बंडखोर ठार. नंतर आलेल्या दिवसाच्या साध्या फोटोत टोपल्या होत्या. मी तो बंद करून पुढचा उघडला. लाज वाटते.

१५ मार्च
दुसऱ्याच डोंगराचा फोटो. तेच अकरा, तसेच वाकलेले. मेलेलं माणूस थंड पडतं, ठिपका विझतो. हे विझत नाहीत. मॅडम म्हणाल्या, गोल काढ. काढला.

१९ मार्च
रोज तेच. फोटोच्या कोपऱ्यात छापलेलं ठिकाण रोज पश्चिमेला सरकतं. काल नांदगाव. तिथे आमचं ड्रोन नाहीच. मॅडम म्हणतात यंत्राचा घोळ, गोल काढ.
काढला.

२१ मार्च
आईचा फोन. आपल्या मोहाखाली लांबची अकरा माणसं आलीत, बोलत नाहीत, नुसती वेचतात. तिथून पळ म्हणालो. ऐकेना.
"उपाशी दिसतात रं. भाकर दिली. तुझा फोटो दावला, तर समद्यांनी माना हलवल्या."

२२ मार्च, पहाट
फोटो आलाय. आमचं झाड. बारा ठिपके —
बारावा ताठ उभा. वर बघून हात हलवतोय. आई फोन उचलत नाही —
संगणकाने आपणहून गोल काढला. मी पुसला. त्याने पुन्हा काढला. खाली लिहून येतंय, बुधाने शिकवल्याप्रमाणे — पुसतोय —
आता बाराही वर बघता