व्हिडिओ कुठून आला

अष्टमी, रोहा
१२ मार्च २०२५

चि. यज्ञेश,

ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. साबण, जाड चादर आणि दोन बनियन वकिलांबरोबर अलिबागच्या तुरुंगात पाठवले आहेत, मिळाले का ते कळव. पेणला अण्णा बरे आहेत. गोळ्या घेतात की नाही ते मी शेजारच्या मूर्तिकारांना फोन करून विचारते, कारण आपले वडील मला खरं सांगत नाहीत हे तुला माहीतच आहे. तुझं नाव काढलं की टीव्हीचा आवाज वाढवतात. पण माणूस खचलाय. परवा गेले तर दाढी वाढलेली होती. अण्णांची दाढी वाढलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

माझा डावा हात मोडलाय. प्लास्टर आहे. शाळेच्या पायरीवरून घसरले असं अण्णांना सांगितलंय. लिहायला उजवा आहे, काळजी करू नकोस.

शाळेत नवीन खूळ आलंय. सगळे पाठ, मुलांचे निकाल, फोटो, सगळं क्लाउडवर ठेवायचं, म्हणजे घरच्या लॅपटॉपवर केलेलं वर्गातल्या कॉम्प्युटरवर दिसेल आणि फोनवरही. मला आधी काही जमेना. माझा फोन तर रोज ‘जागा संपली’ म्हणून ओरडायचा. शेवटी जानेवारीत आमच्या शीतल मॅडमनी मधल्या सुट्टीत शेजारी बसून शिकवलं. म्हणाल्या, ‘‘आसावरीताई, तुमचं जुनं खातं आहे ना? त्यातच जा. एकदा गेलात की कुठल्याही यंत्रावरून सगळं तुमच्यासमोर.’’

ते जुनं खातं तूच मला उघडून दिलं होतंस, आठवतं? आईच्या फोटोंसाठी. मी ते कधी वापरलंच नाही. मग कुंडलिकेवर राफ्टिंगचा कॅम्प सुरू केल्यावर तुझ्या खात्यातली जागा भरली, तेव्हा तू म्हणालास, ‘‘ताई, तुझं रिकामंच पडलंय, कॅम्पच्या फोनला तेच लावतो.’’ मी हो म्हटलं आणि विसरून गेले. तूही विसरलास. कॅमेऱ्यातलं सगळं मात्र फोनवर आणि फोनवरून आपोआप माझ्या खात्यात येत राहिलं.

तू विचारलं आहेस, ‘फोन तर नदीत गेला, कॅमेरा मी दगडावर ठेचला, मग व्हिडिओ कुठून आला? वाडीतल्या कोणी चोरला?’ म्हणून हे सगळं लिहितेय. हे पत्र तुझ्या आधी तिथले साहेब वाचतील हे मला ठाऊक आहे. वाचू देत.

खातं उघडलं तेव्हा मी आईचे फोटो शोधत होते. आले ते कुंडलिकेचे व्हिडिओ. शेकडो. तुझ्या हेल्मेटवरचा कॅमेरा. पुढे वल्ही, पाण्याचा फेस, बोटीतल्या पोरी किंचाळतायत आणि मागून तुझा आवाज, ‘‘घाबरू नका, मी आहे ना!’’ यज्ञेश, मी दोन संध्याकाळी तेच बघत बसले होते. इतकं छान हसतोस तू पाण्यात. पेणच्या घरात असा हसलेला मला आठवत नाहीस.

मग दिवाळीनंतरचा तो आला.

त्यात बोट काठावर आहे. पाहुणे गाडीत बसून निघून चाललेत आणि तुझी बोट चालवणारा वाडीतला कान्हू उघडा, भिजलेला, तुझ्यासमोर उभा आहे. तो तुला म्हणतो, ‘‘दादा, बोट फाटलीय. ठिगळ सुटतंय. मी कशी नेऊ पाण्यात? मान्सा मरतील.’’ तू म्हणतोस, ‘‘हे पाहुण्यांसमोर बोलायची काय गरज होती?’’ तो म्हणतो, ‘‘तुम्हाला सकाळी बोललो, तुम्ही आयकला नाय.’’

तेवढंच. मग तुझा हात दिसतो. पहिली थोबाडीत. तो मागे जातो. मग वल्हं.

मी ते तुझ्या डोक्यावर बसून पाहिलं. तो खाली पडल्यावर माझ्याकडेच बघत होता असं वाटलं मला. ‘‘दादा, नको, नको दादा.’’ वल्हं वर जायचं तेव्हा आभाळ दिसायचं, खाली यायचं तेव्हा कान्हूचं डोकं. त्याचा आवाज बंद झाला तरी तू थांबला नाहीस. नुसतं ओलं काहीतरी फुटल्याचा आवाज येत राहिला. नाकातोंडातून रक्त येऊन वाळूत मुरत होतं आणि तुझा श्वास इतका मोठा ऐकू येत होता की मला वाटलं तो माझाच आहे.

मग त्याच्याच वाडीतला बुधा धावत आला. तू पोलिसांना सांगितलंस ना, दोघं दारू प्याले, भांडले, बुधाने कान्हूला मारला, त्याच्या कपड्यांवरचं रक्त बघा? ते रक्त कसं लागलं ते मी पाहिलं. तो कान्हूवर पालथा पडला. दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकून. आणि तू त्याच्या पाठीवर मारत राहिलास.

अण्णा पट्टा काढायचे तेव्हा मी तुझ्यावर अशीच पालथी पडायचे. तुला वळ कमी उठावेत म्हणून. माझ्या पाठीवरची खूण अजून आहे. तू लहान होतास, तुला वाटायचं ताई खेळतेय. मी तो व्हिडिओ तिथे थांबवला.

आठवडाभर मी कोणाला काही बोलले नाही. शाळेत जायचे, यायचे. एकदा तो काढूनही टाकला. मग शीतल मॅडमनी सांगितलेलं आठवलं, की काढलेलं लगेच जात नाही, बरेच दिवस कचरापेटीत राहतं. म्हणजे मी बोट दाबलं तरी कान्हू तिथे पडूनच होता. मी जाऊन त्याला परत बाहेर काढलं.

त्याच आठवड्यात भागी शाळेत आली. बुधाची बायको. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे हे तुला ठाऊक नसेल. वर्गाबाहेर चपला काढून उभी राहिली. म्हणाली, ‘‘बाई, तुमच्या भावाला सांगा ना, जा बघितलान ता खरा सांग. माझा बुधा मुंगीला मारीत नाय.’’ तिला माहीत नव्हतं की तू काय बघितलं होतंस. तिला वाटत होतं तू साक्षीदार आहेस, भला माणूस आहेस, विसरला असशील.

व्हिडिओ नदीतून निघाला नाही, यज्ञेश. कोणी चोरला नाही. मी दिला. मी स्वतः तपास अधिकाऱ्यांकडे गेले, माझ्या खात्यात त्यांच्यासमोर जाऊन दाखवला, जबाब दिला आणि सही केली. त्यानंतर दुसऱ्या दिवशी ते पेणला तुला घ्यायला आले. अण्णांनी मला फोन करून विचारलं, ‘‘कोणी केलं हे?’’ मी म्हटलं, ‘‘माहीत नाही.’’ खोटं बोलले.

आता हाताचं सांगते.

तुझ्या कॅम्पवरचा पोपट तुला तुरुंगात मुलाखतीला भेटून गेला. तुमचं काय बोलणं झालं ते मी विचारत नाही. पण गेल्या रविवारी मी भागीकडे गेले होते, बुधा सुटून आला म्हणून बघायला. तुरुंगातून तो असा आला होता की शर्ट अंगावर टांगल्यासारखा. आम्ही अंगणात बसलो होतो. चहा अजून कपात होता. तेवढ्यात तुझ्या कॅम्पची जीप आली. पोपट आणि आणखी तिघं. हातात बांबू.

‘‘व्हिडिओ कुनी दिला? बोल!’’

बुधा हात जोडून उभा राहिला. ‘‘आमाला काय म्हायती? आमच्याकडं साधा फोन नाय.’’

पहिला बांबू त्याच्या गुडघ्यावर बसला. पडल्यावर बरगड्यांवर. भागी मध्ये गेली तर तिला केसांना धरून तुळशीवर ढकलली, कपाळ फुटलं. त्यांची पोर दारात उभी होती, रडतही नव्हती. मी ओरडत मध्ये घुसले. पोपटचा बांबू माझ्या हातावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मग त्याने माझं तोंड बघितलं आणि बांबू टाकला. ‘‘ताई? तुमी इथं कशाला आलाव?’’

तेव्हाच बोलायला हवं होतं मी. ‘मी दिला’ एवढे दोनच शब्द. माझ्या तोंडातून किंकाळीशिवाय काही निघालं नाही. ते जीपमध्ये बसून कोलाडच्या दिशेने गेले आणि बुधा तसाच मातीत, माझ्या ऐवजी मार खाऊन.

बुधाच्या तीन बरगड्या मोडल्यात. एका कानाने ऐकू येत नाही. भागीला टाके पडलेत. त्यांनी पोलिसांकडे जायला नकार दिला. भागी म्हणाली, ‘‘बाई, परत येतील ती.’’ म्हणून उद्या सकाळी मी जाणार आहे. पोपटचं नाव देणार. अंगणात कोण काय बोललं, ते सगळं.

तुझ्या लहानपणी तुला वाचवायला मी मध्ये पडायचे, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण मी फक्त तुझा मार थांबवत राहिले. तुझ्या हातात तोच मार शिरतोय हे मला दिसलं नाही. की दिसलं आणि मी बघितलं नाही, हे ठरवता येत नाही मला. शेजारच्या कुत्र्याला तू दगडाने मारलं होतंस तेव्हा मीच अण्णांना सांगितलं, ते गाडीखाली आलं म्हणून.

अण्णांना मी सगळं सांगणार आहे. तुला आधी सांगावं असं वाटलं.

पोपट पुन्हा भेटायला आला तर त्याला सांग, वाडीकडे फिरकू नकोस. व्हिडिओ ताईने दिला. आणि काही करायचंच असेल तर अष्टमीचं माझं घर त्याला माहीत आहे, जेवून गेलाय तो इथे.

खटला उभा राहील तेव्हा मी साक्षीला येईन. सगळं तुझ्याकडे बघून सांगेन, खाली मान घालून नाही. बाहेर आलास किंवा नाही आलास तरी, दर महिन्याला पत्र येत राहील. फाडायचं असेल तर फाड. मी लिहिणं थांबवणार नाही आणि साक्षही बदलणार नाही.

तुझ्या विरुद्ध उभी राहणारी, तरीही तुझीच,
ताई