चिमीची फिरती खुर्ची

४ ऑक्टो., शनि. आज घट बसले.

आलेले सामान: लाकडी खोके १. त्यात, गाडीत ठेवायची लेकराची फिरती खुर्ची १ (निळी), तिचे पट्टे, माहितीचा कागद (सगळा जर्मन, चित्रं काळी-पांढरी), चॉकलेटचा डबा १, सासूबाईंना लोकरीचे मोजे.
खर्च: मुंबईला जकात ३८५, ट्रान्सपोर्ट ५२, हमाल ४, फाट्यावरून क्वार्टरपर्यंत सायकलरिक्षा ३. एकूण रु. ४४४. दिवाळीचं लुगडं गेलं. खोक्याच्या फळ्या चांगल्या निघाल्या, मोरीवर मांडणी होईल. खिळे सरळ करून ठेवले.

पाठवणारे अरुणभाऊजी, यांचे धाकटे भाऊ, जर्मनीत असतात. मागच्या पत्रात मी चिमीचं सगळं लिहिलं होतं. खुब्याचं ऑपरेशन, दोन्ही गुडघ्यांच्या मधे लोखंडी दांडी, पाय बेडकासारखे फाकलेले, आणि डॉ. म्हणाले ते: कमरेत पीळ पडला, खुबा परत निसटला तर दुसरं ऑपरेशन. अडीच वर्षांचं लेकरू. पत्राचं उत्तर खोक्यातून आलं. वर चार ओळी, "वहिनी, मांडीवर नेऊ नका. ही दाराकडे वळते. समोरून बसवा, मग फिरवा. पीळ पडत नाही. शेजाऱ्यांकडे अशीच आहे."

हे एवढे खूश की उपास विसरून पोहे मागितले.


७ ऑक्टो., मंगळ.

भासरे आले, म्हणजे यांचे मोठे भाऊ. सावनेरला कापसाचा धंदा त्यांचा. मंगळवारी नागपूरला जाताना फियाट आमच्या दारावरून नेतात, म्हणून धंतोलीला डॉक्टरांकडे जाणं जमतं. नाहीतर बस. त्या गर्दीत दांडीवालं लेकरू घेऊन उभं राहायचं म्हणजे... एकदा केलं. परत नाही.

आज डॉक्टरांची पाळी नव्हती, फक्त खुर्ची लावून पाहिली. चित्रात ती गाडीच्याच पट्ट्याने बांधलेली आहे. फियाटला मागे पट्टाच नाही. भासरे डोकं खाजवत उभे. शेवटी माळ्यावरच्या जुन्या पलंगाची निवार काढली, सीटला मागून-पुढून आवळली. हलली नाही. तशीच बांधलेली राहू द्या म्हणाले, गाडीतच.

वरचा भाग गोल फिरतो, खालचा जागीच. दाराकडे वळवून चिमीला बसवलं, पाय बाहेर, दांडी कुठे अडकली नाही. मग फिरवलं. वरून दाबलं, टक् असा आवाज. बसली. "आई, चक्की! पुन्ना चक्की!" चार महिन्यांत पहिल्यांदा गाडीत बसताना रडली नाही. मलाच भरून आलं. पदर सारखा करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

चित्रात लेकराचं तोंड मागच्या काचेकडे आहे. त्यावरून वाद.
सा. बाई: "तोंड मांगं करून कोन जाते वं? निंगाल्यावर मांगं पाहू नाइ."
हे: "आई, तिकडे सारे लेकरं तसेच जातात."
सा. बाई: "म्हनूनच तो अरुन घरी येऊन नाइ राहिला!"
भासरेसुद्धा हसले. पण मग खुर्ची पुढे तोंड करूनच ठेवायची ठरलं. तशीही मागे वळवली की चिमीचे पाय सीटच्या पाठीला लागतात. चित्रातल्या लेकराचे पाय जुळलेले आहेत. आपलं लेकरू चित्रातलं नाही, हे कोणी म्हणालं नाही. मी पण नाही.


१२ ऑक्टो., रवि. दसरा.

सकाळी भासरे-जाऊबाई सोनं द्यायला आले. गाडीची पूजा आमच्याच दारात झाली. हार, चाकाखाली लिंबू, नारळ. खुर्चीची पूजा मी केली. स्वस्तिक काढलं, हळद-कुंकू वाहिलं, ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर. नारळाचं पाणी शिंपडलं. म्हटलं, देवी, आम्ही तुझ्या देवळाच्या पायथ्याशी राहतो, या खुर्चीत तूच बस आणि लेकीला मांडीवर घे.
सा. बाईंनी काळा दोरा बांधला. जाऊबाई म्हणाल्या, "येवढी पूजा तं माह्या लग्नातल्या पलंगाची नाइ झाली वं!"

पुरणाला डाळ दीड पाव. उरलं नाही.


१४ ऑक्टो., मंगळ.

 सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

डॉक्टरांची पाळी होती. चिमीला बसवलं, फिरवलं, दाबलं. टक् झालं का? तेव्हा झालं असं वाटलं. आता विचारलं तर सांगता येत नाही.

हे वीजकेंद्रात ड्यूटीवर. पुढे भासरे, मागे मी आणि शेजारी खुर्चीत चिमी. भासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. लग्नाला सात वर्षं झाली, पदराआडून "चहा ठेवलाय" यापलीकडे बोललेली नाही. गाडीत काही सांगायचं तर चिमीच्या तोंडून. राखेचे, कोळशाचे ट्रक रस्ताभर. भासरे जोरात नेत होते, अडत्याने लवकर बोलावलेलं. मी म्हटलं, "चिमे, मोठ्या बाबांना सांग, हळू."
चिमी म्हणाली, "मोठे बाबा, जोलात!"
ते हसले आणि जोरात नेली.

रेल्वे फाटकाजवळ पुढचा कोळशाचा ट्रक एकदम थांबला. भासऱ्यांनी करकचून ब्रेक मारला, गाडी डावीकडे घेतली. आणि खुर्ची आपोआप फिरली. चिमी पूर्ण दाराकडे. दांडीचं टोक दाराच्या हँडलवर आपटलं, पाय वर उचलला गेला. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तेच वाईट.
मी ओरडले, "थांबवा! गाडी थांबवा!"
पदर डोक्यावर नव्हता. भासऱ्यांनी गाडी बाजूला घेतली, मागे वळून पाहिलं नाही. आरशातून पण नाही. उतरून फाटकाकडे तोंड करून उभे राहिले, मी पदर घेईस्तोवर.

डॉ. नी दाबून पाहिलं. खुबा जागेवर आहे. मांडीवर लाल वळ. "हे कशाने?" मी सांगितलं. म्हणाले, खुर्चीतलं मला कळत नाही, धक्का नको आणि पीळ नको एवढं सांगतो. ११ नोव्हें.ला एक्सरे. नीट जुळलं असेल तर दांडी काढू. तोवर चार आठवडे जपा.

येताना मांडीवर घेतलं. उतरताना दांडी दारात अडकली, कमरेत वळली आणि चिमी अशी किंचाळली की शेजारच्या क्वार्टरमधून बाया बाहेर आल्या.
म्हणजे असंही नाही, तसंही नाही.


१५ ऑक्टो.

भासरे सा. बाईंना म्हणून गेले, "सूनबाईनं बराबर दाबली नसंन." सा. बाईंनी मला सांगितलं, चांगल्या मनानेच सांगितलं असेल. भाकरी थापत होते, तिसरी भाकरी फाटली.

दाबली नसेल का?


१६ ऑक्टो.

यांनी सावनेरहून खुर्ची बसने परत आणवली. (तिचं वेगळं तिकीट घेतलं कंडक्टरने. रु. २.) व्हरांड्यात ठेवून तिच्यात ज्वारीची थैली बसवली, चिमीच्या वजनाची. फिरवायची, आवाज ऐकायचा, धक्का द्यायचा. कधी धरते, कधी नाही. आवाज दोन्ही वेळा सारखाच येतो. म्हणजे माझे कान खोटे नव्हते. पण ते बोलून काय उपयोग.

मी म्हटलं, नको ही. हे चिडले.
"काहून नको? माझ्या भावानं स्वतःचं पोट मारून पाठवली. त्याले काय लिहू, तुझी खुर्ची माळ्यावर टाकली म्हणून?"
"भावाला काही पण लिहा. लेकरू माझं आहे."
"माझं नाइ का वं मग?"
  चिमी ज्वारीच्या थैलीला "बाळ" म्हणून थापटत होती.

सा. बाई आपलं एकच, माह्ये पाच लेकरं मांडीवरच वाढले. हो, पण त्यांच्यापैकी कोणाच्या पायात दांडी नव्हती.


१८ ऑक्टो., शनि.

सकाळी खुर्चीवर मुंग्या. चिमीने चॉकलेट सांडलं असेल म्हणून पुसायला घेतली, तर रांग खाली जात होती, वरचा भाग आणि खालचा यांच्या मधल्या खाचेत. नारळाचं पाणी. दसऱ्याचं. खुर्ची उलटी केली, झटकली. जमिनीवर लाल-लाल दाणे पडले.
अक्षता.
माझ्या अक्षता. ओल्या कुंकवाने चिकटलेल्या, खुर्ची धरून ठेवणारी दाताची पट्टी जिथे खाली बसते बरोबर तिथे. हेअरपिनने काढल्या. अजून निघाल्या. दात बसायला जागाच नव्हती.

तिथेच बसून राहिले. चिमी हाका मारत होती, "आई, खाऊ?"

देवाला वाहिलेले दाणे, केरात कसे टाकायचे. तुळशीत टाकले.

हे आले तेव्हा दाखवलं. आधी हसले, "तू तं देवीलेच चक्कीत घातलं!" मग माझं तोंड पाहून थांबले. खाच ब्रशने साफ केली, ज्वारीची थैली परत बसवली. आता प्रत्येक वेळी धरते. कितीही ओढा. आवाज पण वेगळा येतो, जड.

पण खाचेच्या वर नखाएवढी काचेची खिडकी आहे. कागदावर तिची दोन चित्रं आहेत, एकावर फुली, एकावर बरोबरची खूण. काळी-पांढरी, रंग कळत नाही. खुर्ची बसली की आतला रंग बदलत असावा. आपल्या खिडकीत नेहमी लाल. धरली तरी लाल, सोडली तरी लाल. पूजेत मी पहिलं बोट तिथेच टेकवलं होतं, स्वस्तिकाच्या मधे. कुंकू आत झिरपलं. तेल लावून पाहिलं, लिंबू लावलं. वरचं गेलं, आतलं नाही.
की तो लाल खुर्चीचाच आहे? लाल म्हणजे धोक्याचा असेल, तर ती अजून बसलेली नाही, नुसती दिसायला बसलेली आहे.


१९ ऑक्टो., रवि.

सा. बाईंना वाटलं होतं रागावतील. उलट म्हणाल्या, "तांदळानं काइ झालं नाइ. देवीनं दाखून देल्लं तुले, हे आपल्या कामाचं नाइ म्हून. पोरगी वाचली, पाह्य." हे म्हणाले, आई, तांदूळ तांदूळ असतो.
मला एकदा हे खरं वाटतं, एकदा ते. सकाळच्या पूजेत अक्षता हातात घेतल्या आणि परत वाटीत ठेवल्या. नुसती फुलं वाहिली. नंतर वाईट वाटलं, देवीने काय केलं होतं.

दुपारी भासरे आले, आज मंगळवार नसताना. बाहेरच्या खोलीत बसले. मी दाराआड. हे सगळं सांगत होते, दाण्यांचं, खिडकीचं.  मग भासरे दाराकडे न पाहता मोठ्याने म्हणाले,
"सूनबाई, तुमी दाबली व्हती बराबर. मी बोललो ते चुकलं. अकरा तारखेले तुमी म्हनसान तसं करू. खुर्चीत म्हना तं खुर्चीत, मांडीवर म्हना तं मांडीवर. गाडी मी बैलगाडीवानी चालवतो."

मला म्हणाले. सरळ मला. दाराआडून "बरं" म्हटलं.  चहात साखर जास्त पडली.

पण आता ठरवायचं मी.


२० ऑक्टो., सोम.

हे म्हणाले, अक्षतांचं लिहू नको, अरुण तिकडच्यांना सांगेल, हसतील. मी म्हटलं हसू देत, खरं नाही लिहिलं तर उत्तर पण खरं येणार नाही. पत्र जायला दहा दिवस, यायला दहा. जेमतेम. पाठवलेलं इथे उतरवून ठेवते.

"चि. अरुणभाऊजींस अनेक आशीर्वाद. खुर्ची सुखरूप पोचली. चिमी तिला चक्की म्हणते. तुम्ही एवढं केलंत त्याचं मोल मी करू नये. तरी विचारते, राग मानू नये. दसऱ्याला पूजा करताना माझ्या हातून खाचेत अक्षता गेल्या, म्हणून रस्त्यात खुर्ची आपोआप फिरली. चिमी ठीक आहे. आता साफ केली, धरते. पण खाचेवरच्या छोट्या खिडकीत कुंकू गेलं आहे, आणि तिथे मुळात कोणता रंग असतो ते आम्हाला माहीत नाही. तुमच्या शेजाऱ्यांकडे अशीच आहे म्हणालात. त्यांची समोर घेऊन पाहा. लेकरू बसवून फिरवा, बसली की खिडकीत काय दिसतं, नाही बसली तर काय. आठवणीने सांगू नका, पाहून सांगा. आणि हेही विचारा, पाय जुळत नाहीत अशा लेकराला ती चालते का. कागदावर तसं चित्र नाही. कोणी नको म्हणालं तर तसंच लिहा, तुमचे दादा काय म्हणतील याची काळजी करू नका, त्यांना मी पाहून घेईन.
सा. बाई मोजे घालून बसतात, ऑक्टोबरच्या उन्हात. तुम्ही कधी येता विचारतात.
११ नोव्हेंबरला सकाळी गाडी दारात येईल. मला तिला कुठेतरी बसवावंच लागेल. त्याच्या आत, उलट टपाली कळवा."