न पुसली जाणारी लाल रेघ

दसऱ्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

एकदाचं यांच्या सायकलचं हँडल बदललं. बरं वाटतंय.

दसऱ्याला सायकलच्या पूजेत हँडलला हळदकुंकू मीच लावलं होतं. काल फडक्याने पुसलं तर सगळं निघालं, मधोमध एक बारीक लाल रेघ तेवढी राहिली. पुन्हा घासली, तरी तशीच. नख फिरवलं तर अडकलं. म्हणजे तडाच की! कुंकू आत जाऊन बसलेलं.

यांना दाखवलं तर म्हणतात, "असू दे, देवीचा आशीर्वाद आहे."

"अहो, पुलाच्या उतारावर हँडल तुटून हातात आलं की घ्या आशीर्वाद."

मग म्हणे वेल्डिंग करून घेऊ. हँडलला कसलं वेल्डिंग? एवढी माया कशाला त्या नळीवर? की खडकीच्या फॅक्टरीतली सगळी नोकरी तेच हँडल धरून झाली म्हणून? असेलही.

आज सकाळी न सांगता जाऊन नवं बसवून आले. दारातूनच हाक, "कुंकू लाव गं."

लावलं. हे पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात पुसूनही पाहिलं. सगळं निघालं.

मग पुन्हा लावलं.